भक्तनिवासाची खोली बुक करताना
पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असा बेत आखून पाहुणे सोलापुरात येतात आणि खोली आधीच ऑनलाइन बुक करतात. भक्तनिवासांच्या नावाने बनावट वेबसाइट निघतात, म्हणून गूगलवर सर्वांत वर दिसलेला नंबर फिरवू नका. देवस्थानच्या अधिकृत वेबसाइटवरूनच बुकिंग करा. यूपीआय पिन टाकण्याआधी पैसे कोणाच्या नावावर जाताहेत ते वाचा. संस्थेऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर थांबा, समोरचा कितीही गोड बोलो. ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला, तर फोन ठेवाच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. देवाच्या नावावर म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात, याची मला फार चीड येते. पैसे गेलेच तर संकोच न करता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पुढच्या खात्यात वळते होण्याआधी ते रोखता येऊ शकतात.