ओसीआय असताना वडिलांच्या शेतीवर वारस नोंद: माझा अनुभव

बाबा गेल्यावर सातबारावर वारस नोंदीचा अर्ज केला. मी ओसीआयधारक, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड माझ्याकडे आहे. ‘परदेशी नागरिकाला शेतजमीन चालत नाही’ असं तोंडीच सांगून अर्ज दोनदा परत केला. आठ महिने हेलपाट्यांत गेले, फार मनस्ताप झाला.

आईच्या नावावर सगळं चढवून नंतर बक्षीसपत्र करा, असं एकाने सुचवलं. हे मुळीच करू नका. ओसीआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, तशी बक्षीसही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळते.

जमलं ते असं. आधी धाकट्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र केलं, भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेतलं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं. मग नवा अर्ज: मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ओसीआय कार्ड आणि रद्द शिक्का मारलेला जुना भारतीय पासपोर्ट, कारण बाबांचं नाव त्यावरच होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘ही खरेदी नाही, वारसा आहे’. खाली फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) १९९९ चं कलम ६(५) आणि त्याखालच्या २०१९ च्या नियमांतला नियम २४, दोन्हींच्या प्रती जोडून. शिक्क्यासह पोच घेतली. तलाठ्यांनी फेरफार धरला, नोटिशीचे १५ दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला.

पुढे विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्यालाच विकता येते.