धावपटू शर्यतीत कोसळल्यास आधी काय करावे

मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात येतो, तेव्हा ऊन वर आलेले असते आणि पायांतले बळ सरत आलेले असते. अशा ठिकाणी कोणी कोसळला की भोवतालचे लोक त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावतात, आणि कोणीतरी हुंगवायला कांदाही मागतो. हे दोन्ही थांबवावे.

आधी खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास बंद असेल, किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर हृदय थांबले आहे असेच धरावे. एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा, दुसऱ्याने एईडी यंत्र (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आणावे आणि तिसऱ्याने क्षणही न दवडता छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देत राहावे.

श्वास चालू असेल, तर तो कुठे कोसळला हे विचारावे. अंतिम रेषा ओलांडून थांबताच कोसळलेल्या धावपटूच्या पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलेनासे झालेले असतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो. उताणे झोपवून पाय उंच धरले की तो बहुधा काही मिनिटांत सावरतो. धावता धावता कोसळलेल्याबाबत मात्र असा दिलासा मानू नये.

तो बरळत असेल, उगाच चिडत असेल किंवा आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नसेल, तर उष्माघाताची शंका घ्यावी, मग अंगावर घाम असला तरी. शरीराच्या आतले तापमान अशा वेळी बहुधा ४० अंश सेल्सिअसच्या वर असते आणि काखेतला थर्मामीटर ते कमी दाखवतो. खरे तापमान गुदद्वारातूनच कळते, पण ते वैद्यकीय पथकाचे काम आहे. आधी गार करणे आणि मग रुग्णालय, हा क्रम मोडू नये. बर्फाच्या पाण्याचा टब असल्यास डोके वर धरून त्याला मानेपर्यंत त्यात बसवावे आणि तापमान ३९ अंशांच्या आसपास आले की बाहेर काढावे. टब नसेल, तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सर्वांगावर पसरून दर दोन-तीन मिनिटांनी बदलावेत, बादलीने पाणी ओतत राहावे, वारा घालावा. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे.

गोंधळाचे दुसरे कारण नेमके उलटे असते: प्रत्येक थांब्यावर तहान नसताना पाणी पिऊन रक्तातले सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलेले असते. डोकेदुखी, उलट्या, सुजलेली बोटे, मनगटात रुतलेला घड्याळाचा पट्टा या खुणा दिसल्या, तर आणखी पाणी देणे घातक ठरते, आणि सोडियम तपासल्याशिवाय नेहमीचे सलाईनही लावू नये. झटके आल्यास किंवा शुद्ध हरपल्यास कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. सोबत जाणाऱ्याने बिबच्या (धावपटूच्या छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या) मागे लिहिलेली माहिती आणि तो वाटेत किती पाणी प्यायला होता, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावे.