‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या मित्रांना नेमकं काय सांगायचं

कॅन्सरचं निदान झालं की पहिल्या आठवड्यात फोन थांबत नाहीत. फोन ठेवताना प्रत्येक जण म्हणतो, "काही लागलं तर सांग," आणि म्हणतो ते मनापासून. तरी तिसऱ्या केमोपर्यंत फोन बंद झालेले असतात. पेशंटने संकोचाने काही मागितलेलं नसतं आणि आपण काय करावं ते मित्राला सुचलेलं नसतं. म्हणून मदत मागायची ती काम, तारीख आणि वेळ ठरवून.

आधी एक मित्र किंवा मैत्रीण नेमा. नवरा किंवा बायको नको, त्यांच्यावर औषधं, मुलं आणि पैशाची जुळवाजुळव आधीच असते. फोन उचलणारा आणि वेळ आली तर "आज भेटायला येऊ नका" असं स्पष्ट सांगू शकणारा माणूस हवा. खबरबात, भेटीच्या वेळा, पाळ्या हे सगळं त्याच्याकडे. एक गोष्ट मात्र घरात बसून आधीच ठरवा: कुणाला किती सांगायचं. आपल्याकडे पुष्कळ घरांत आजार पेशंटपासूनच लपवतात. मग भेटायला आलेला माणूस पहिल्याच वाक्याला अडखळतो आणि पेशंटला ते कळतं. पेशंटशी मोकळं बोललेलं बरं. बायोप्सीच्या रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकू नका, ते गावभर फिरतात.

मागणी अशी असावी: "मंगळवारी दुसरा केमो आहे, मिरजेला. सकाळी ८ ला विश्रामबागेतून निघायचं, संध्याकाळपर्यंत परत. तुझी चारचाकी आणि तू दिवसभर सोबत, जमेल का?" हा मेसेज एकालाच पाठवा. ग्रुपवर टाकला की दुसरा कुणीतरी जाईल असं सगळ्यांनाच वाटतं. परतीला मोटरसायकल नको. काही केमोंच्या आधी ॲलर्जीचं इंजेक्शन देतात, त्याने गुंगी येते आणि मागे बसलेल्याचा तोल जातो.

कुठल्या दिवशी काय मागायचं, ते केमोच्या चक्रावर ठरतं. बरेच केमो २१ दिवसांनी असतात, काही दर आठवड्याला. आपलं वेळापत्रक डॉक्टरांकडून समजून घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. २१ दिवसांच्या चक्रात पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकव्याचे, तेव्हा भेटी नकोत, डबा हवा. साधारण ७ ते १४ या दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्या कुणीही उंबरा ओलांडू नये, मग तो कितीही जवळचा असो. तिसऱ्या आठवड्यात तरतरी येते. गप्पा, पत्ते, कृष्णाकाठी चक्कर हे सगळं तेव्हा.

रेडिएशनचं गणित वेगळं. शेक द्यायला काही मिनिटं लागतात, पण आठवड्यातून ५ दिवस, तेही बऱ्याचदा काही आठवडे, जाणं-येणंच माणसाला दमवतं. पाच मित्रांना एकेक वार वाटून द्या. सोमवार ज्याचा, त्याचा तो शेवटपर्यंत.

डब्याबद्दल संकोच न करता सांगा. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, कडक भाकरी काही चालत नाही. मऊ मुगाची खिचडी, दुधात भिजवलेली पोळी, केळं उतरतं. फोडणीच्या वासाने मळमळतं, म्हणून स्वयंपाक मित्राच्या घरीच व्हावा. डबा त्याच दिवशी केलेला आणि गरम हवा. पेशी कमी असताना कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, बाहेरची भेळ नको. तासगावची द्राक्षं कुणी पेटीभर आणली तरी आधी डॉक्टरांना विचारा आणि हो म्हणाले तर नीट धुऊनच द्या.

शेतकरी पेशंटला डब्यापेक्षा मोठी काळजी रानाची असते. रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला कोण जाणार, डेअरीला दूध कोण घालणार, औषध फवारणी कोण करणार? केमोच्या काळात शेणघाण आणि फवारणी यांपासून लांबच राहायचं असतं, त्यामुळे ही कामं बांधाशेजारच्या मित्राकडे स्वच्छ शब्दांत सोपवा. फळछाटणी किंवा ऊसतोड जवळ आली असेल तर महिनाभर आधी, कारण तेव्हा त्याचीही धावपळ असते.

तापाची तयारी आधीच हवी. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, आपल्या मनाने गोळी देऊन ताप दाबायचा नाही, लगेच हॉस्पिटलला फोन. जतच्या बाजूचा पेशंट असेल तर मिरजेपर्यंत यायलाच बराच वेळ जातो. म्हणून रात्री २ ला उठून गाडी काढतील अशा दोघांचे नंबर दारामागे लिहून ठेवा. एकाचा फोन लागला नाही तर दुसरा.

चार-पाच मित्रांचे रक्तगटही टिपून ठेवा. केमोत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्या तर बाहेरून द्याव्या लागतात. त्या फार तर पाचेक दिवस टिकतात, आधी साठवता येत नाहीत, दाता ऐनवेळी लागतो. मशीनवर प्लेटलेट द्यायला तास-दीड तास लागतो आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी.

कागदपत्रांत मुरलेला मित्र असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काम त्याला द्या. उपचार सुरू होण्याआधीच रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन त्याने हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावं, मंजुरीआधी भरलेल्या पैशांवरून पुढे घोळ होतो. परळच्या टाटा मेमोरियलला जायचं असेल तर रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत मिळते. त्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यानिशी आणायचा.

काढे, गव्हांकुर, कुठल्या तरी गावचं झाडपाल्याचं औषध सुचवणाऱ्यांशी वाद घालण्यात ताकद घालवू नका. "डॉक्टरांना दाखवून मग घेतो," म्हणा आणि खरंच दाखवा. काही वनस्पतींमुळे केमोच्या औषधांचं काम बिघडतं.

आणि जो जिवलग अचानक यायचा बंद झाला, तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. केस गेलेला, वाळलेला मित्र बघवणार नाही असं त्याला वाटतं. त्याला "आला नाहीस" असं लिहू नका. लिहा: "रविवारी चारला ये, अर्धा तास बस. आजाराचं काही विचारू नकोस, बागेचं सांग."