लेण्यात शिरल्यावर बौद्ध पंथ कसा ओळखायचा

अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात उरकू नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोबत चांगली बॅटरी ठेवा. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही.

चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, गेलात की आधी थेट मागच्या टोकाला, स्तूपापाशी जा. अजिंठ्याच्या 10 नंबरच्या लेण्यात स्तूप कोरा आहे, त्यावर मूर्ती नाही. हे काम इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातलं. आता 19 नंबरात या. दालन तसंच, खांबांची रांग तशीच, पण स्तूपाच्या पुढ्यात बुद्ध उभा. 26 नंबरात तो पाय खाली सोडून बसलाय. वेरूळच्या 10 नंबरात, म्हणजे सुताराच्या झोपडीत, मूर्ती एवढी मोठी की स्तूप तिच्यामागे पडद्यासारखा राहतो. स्तूप कोरा असेल तर लेणं जुन्या निकायांचं, म्हणजे सुरुवातीच्या भिक्खू-संप्रदायांचं. मूर्ती पुढे आली की महायानाचा, म्हणजे नंतरच्या पंथाचा, काळ.

इथे बरेच जण फसतात. अजिंठ्याच्या 10 नंबरच्या खांबांवर रंगवलेले बुद्ध दिसतात आणि गडी म्हणतो, हे महायानच. ती चित्रं पाचव्या शतकात मागाहून काढलेली. निकाल द्यायचा तो कोरलेल्या दगडावरून, रंगावरून नाही. 'हीनयान' हा शब्दही जपून वापरा. तो महायान्यांनी जुन्या निकायांना हिणवून दिलेला आहे.

मग बोधिसत्त्वाचा, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवर असलेल्याचा, मुकुट बघा. मुकुटात छोटा बुद्ध असेल तर अवलोकितेश्वर, छोटा स्तूप असेल तर मैत्रेय. विद्यापीठामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत 7 नंबरच्या दारापाशी अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत: आग, साप, हत्ती, बुडणारं जहाज... आणि प्रत्येक ठिकाणी धावा करणारी माणसं. संकटात हाक मारायचा बोधिसत्त्व, हे महायानाचं खास अंग.

वज्रयानाची, म्हणजे महायानातून पुढे निघालेल्या तांत्रिक पंथाची, चाहूल वेरूळच्या 12 नंबरात, 'तीन ताल' या तीन मजली लेण्यात लागते. भिंतीवर नऊ चौकटी, मधल्या चौकटीत बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. हे मंडल, म्हणजे साधनेसाठीची देवतांची ठरीव मांडणी आहे. स्त्रीदेवता इथे रांगेनं बसल्यात.

सारखं काय? भिक्खूंच्या खोल्या आणि विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम. वेगवेगळे पंथ मानणारे भिक्खू एकाच विहारात राहत, आणि निकायाचा भिक्खू महायानी विचारही मानू शकत असे. अजिंठ्याच्या 17 नंबरच्या ओसरीत डाव्या भिंतीवर भवचक्र, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्याचं चित्र आहे. ते दारापाशी काढावं असं मूलसर्वास्तिवादी या जुन्या निकायाच्या विनयात सांगितलंय.

गावातल्या विहारात पंथ ताडायचा असेल तर कान द्या. त्रिशरण-पंचशील पालीत, म्हणजे वळण थेरवादी, जुन्या निकायांपैकी आज टिकलेल्या पंथाचं. पण पुढे 22 प्रतिज्ञा आल्या की ते 14 ऑक्टोबर 1956 चं, नागपूरच्या दीक्षेचं नवयान. तिथे बुद्धाशेजारी पद्मपाणी, म्हणजे कमळ धरलेला अवलोकितेश्वर, शोधू नका. बाबासाहेबांचा फोटो असतो.