हाताने, वेव्हला की रिफ्लोला? आधी बोर्ड उलटा करून बघा

आमच्या रबाळे एमआयडीसीत कोणी नवीन युनिट टाकलं की पहिला प्रश्न हाच, सर्किट बोर्डाच्या सोल्डरिंगला मशीन कुठलं घेऊ. मी म्हणतो आधी बोर्ड हातात घ्या, उलटासुलटा करून बघा. आरपार पाय जाणारे थ्रू-होल पार्ट किती, वर बसणारे एसएमडी किती आणि महिन्याला नग किती काढायचेत, एवढं कळलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

सॅम्पलचे पाच-दहा बोर्ड असतील तर सरळ हाताने करा. ६३/३७ सोल्डर वायर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ डिग्रीला वितळते, बिट म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक ३२० ते ३५० वर ठेवा, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि पाय दोन्ही एकदम तापवा आणि वायर जॉईंटला लावा, बिटला नाही. बिटवर वितळवून जॉईंटवर फासायची सवय फार जणांना असते, त्यात फ्लक्स (वायरीतलं धातू साफ करणारं रसायन) आधीच जळून जातो आणि मग दिसायला छान गोळा पण आतून ड्राय म्हणजे नीट न धरलेला, गिऱ्हाइकाकडे दोन महिन्यांनी बंद पडणार. साधा जॉईंट दोन-तीन सेकंदात व्हायला हवा. पण माणूस थकतो, सकाळचा जॉईंट आणि संध्याकाळी पाचचा जॉईंट सारखा नसतो, म्हणून मोठा लॉट हातावर नको.

पॉवर सप्लाय, रिले, ट्रान्सफॉर्मर, टर्मिनल ब्लॉक असला थ्रू-होल माल भरपूर असेल तर वेव्ह. आधी फ्लक्स, मग प्रीहीट, मग वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड जातो, लेड-फ्री म्हणजे बिनशिशाच्या सोल्डरला पॉट (सोल्डर वितळवायचं भांडं) साधारण २५५ ते २६० डिग्री आणि लाटेला स्पर्श दोन ते चार सेकंद. लोक प्रीहीटमध्ये घाई करतात, मग फ्लक्स ओला राहून तडतडतो आणि सोल्डर भोकातून वर चढतच नाही. आणि कनेक्टरच्या पिनांची रांग बोर्डाच्या जायच्या दिशेनेच ठेवा, आडवी ठेवलीत तर शॉर्ट काढत बसाल. हे लेआउट करतानाच बघायचं असतं, नंतर काही करता येत नाही.

एसएमडी जास्त असतील तर मात्र रिफ्लोच. स्टेन्सिलने (भोकं पाडलेल्या पातळ पत्र्याने) सोल्डर पेस्ट छापायची, पार्ट ठेवायचे, ओव्हनमधून काढायचं, ऐकायला सोपं. एसएसी३०५ ही लेड-फ्री पेस्ट २१७ डिग्रीला वितळायला लागते, पीक म्हणजे सगळ्यात वरचा आकडा २४० च्या आसपास न्यायचा आणि २१७ च्या वर ४५ ते ९० सेकंद ठेवायचं. पण ओव्हनच्या स्क्रीनवरचा आकडा म्हणजे बोर्डाचं तापमान नाही. एक बोर्ड बळी द्या, सगळ्यात जड पार्टजवळ आणि कोपऱ्यातल्या छोट्या रेझिस्टरजवळ थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवा आणि खरा ग्राफ काढा. छोट्या पार्टच्या एका टोकाची पेस्ट आधी वितळली की पार्ट सरळ उभा राहतो, भिंगातून बघितलं की इवल्याशा रेझिस्टरचं एक टोक हवेत.

आणि आपल्याकडचा पावसाळा. एका जुलैमध्ये आमच्या युनिटला घाईत पेस्टचा डबा फ्रीजमधून काढून लगेच उघडला, दमट हवेचं पाणी पेस्टवर धरलं आणि ओव्हनमधून आलेल्या बोर्डांवर पार्टच्या कडेने बारीक बारीक सोल्डरचे मणी, अख्खा लॉट ब्रश आणि भिंग घेऊन साफ केला. तेव्हापासून डबा बंद ठेवूनच चार तास बाहेर आणि मगच झाकण. आयसीचंही तसंच, एमएसएल ३ (पार्ट ओलीला किती नाजूक ते सांगणारी श्रेणी) चं पाकीट उघडल्यावर सोल्डर करायला १६८ तास मिळतात पण ते ३० डिग्री आणि ६० टक्के दमटपणा धरून. आपल्या शेडमध्ये जुलैत एसी बंद असेल तर तो हिशोब लागूच होत नाही, उरलेले पार्ट ड्राय कॅबिनेटमध्ये (कोरड्या हवेच्या कपाटात) टाका किंवा बेक करून ओल काढा, नाहीतर आतली वाफ आयसी फोडते.

मिक्स बोर्ड असेल तर आधी रिफ्लो, मग थ्रू-होल. मागच्या बाजूला एसएमडी असतील तर ती झाकणारं पॅलेट लावून वेव्हला टाका किंवा सिलेक्टिव्ह सोल्डरिंगच्या मशीनला द्या, त्यात छोट्या नोझलमधून फक्त हवे तेवढेच पाय सोल्डर होतात. हळू आहे पण शेजारच्या पार्टला धक्का नाही. चार-पाचच पाय असतील तर हातानेच करा, फक्त युरोपला जाणारा माल असेल तर तिकडे शिशावर निर्बंध आहेत, म्हणून त्या टेबलावर लेडवाली (शिशाची) वायर ठेवूच नका, बिटसुद्धा वेगळं ठेवा.