बँजो विकत घेण्यापूर्वी: नावात न फसता वाद्य कसे ओळखावे

नाशिकमध्ये ‘यंदा मंडळाने बँजो लावला आहे’ असे कोणी म्हटले, की डोळ्यांपुढे वाद्य येत नाही. मिरवणुकीत टेम्पोवर भोंगे बांधून चाललेली, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकीसह वाजणारी अख्खी पार्टी येते. माझ्या पुतण्याला त्या पार्टीतले तारांचे वाद्य शिकायचे होते, म्हणून त्याने ऑनलाइन ‘बँजो’ मागवला, आणि खोक्यातून डफाला दांडा बसवावा तसे काहीतरी निघाले. विक्रेत्याने फसवले नव्हते. एकाच नावाची दोन वाद्ये आहेत आणि त्यांचे एकमेकांशी फारसे नातेही नाही.

ओळखण्यासाठी प्रथम वाद्याचे अंग पाहावे. अमेरिकन बँजोचे अंग म्हणजे गोल कडे आणि त्यावर ताणून बसवलेले चामडे, किंवा आजकाल प्लास्टिकचा पापुद्रा. तारा ज्या छोट्या आधारावर टेकतात ती घोडी थेट त्या पापुद्र्यावर उभी असते; हलका पापुद्रा तारेची शक्ती झटकन आवाजात बदलून टाकतो, त्यामुळे स्वर खणखणीत उमटतो आणि लगेच विरतो. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत भोपळ्याच्या अंगाची जी वाद्ये घडवली, त्यांतून हे वाद्य आले. त्याच्या पाच तारांच्या प्रकारात एक तार आखूड असते आणि तिची खुंटी मानेच्या कडेला, पाचव्या पडद्यापाशी (मानेवरील आडव्या पट्टीपाशी) असते. पाश्चात्त्य ‘जी’ स्वर हा षड्ज मानला, तर तारा लावण्याच्या प्रचलित पद्धतीत ही आखूड तार वरच्या सप्तकातील षड्जावर आणि उरलेल्या चार मंद्र पंचम, षड्ज, गंधार व पंचम यांवर येतात. सतारीची चिकारी, म्हणजे मधून मधून छेडली जाणारी उंच स्वराची तार, ज्याने ऐकली आहे, त्याला अंगठ्याने छेडल्या जाणाऱ्या त्या आखूड तारेचे काम वेगळे समजवावे लागत नाही.

आपला बँजो, म्हणजेच बुलबुल तरंग, ही लांबट लाकडी पेटी असते. ती मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात, उजव्या हातातील नखीने तारा छेडतात आणि डाव्या हाताने टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबतात. येथेच खात्रीची खूण सापडते: डाव्या हाताची बोटे तारेला लागतच नाहीत, तार दाबण्याचे काम बटण करते. त्यामुळे मींड घेणे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, अवघड होते, पण संवादिनीवर बोटे बसलेल्या माणसाला हे वाद्य लवकर जमते. त्याचे मूळ जपानी आहे. 1912 साली नागोया येथे मोरिता गोरो यांनी तयार केलेल्या ताइशोगोतोपासून ते आले. बलुचिस्तानात त्याच घराण्यातील मोठ्या वाद्याला ‘बेंजू’ म्हणतात, म्हणजे नावाचा घोळ केवळ आपल्याकडेच नाही.

रचनेच्या दृष्टीने अमेरिकन बँजोला आपल्याकडे जवळचे कोण, असे विचारले तर मी बुलबुल तरंगाचे नाव न घेता सरोदाचे घेईन. सरोदाच्या तबलीवरही चामडे असते आणि घोडी त्यावरच टेकते. फक्त त्याची पट्टी पोलादी व बिनपडद्यांची असल्याने मींड मनसोक्त घेता येते.

कानाने ओळखताना मात्र मेंडोलिन गोंधळात टाकते. तिच्या तारांच्या चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी एकाच स्वरात लावलेली असते आणि नखी भराभर खाली-वर फिरवून स्वर लांबवला जातो. बुलबुल तरंगावरही नखी तशीच फिरते. डोळे उघडले की शंका फिटते, कारण मेंडोलिनला मान असते, बटणे नसतात. नावामुळे बँजोशी गल्लत होणारा ‘बोंगो’ तर तारवाद्यच नव्हे. ती क्युबातील लहान ढोलांची जोडी आहे.

दुकानात ‘बँजो दाखवा’ एवढेच न म्हणता ‘बटणांचा बँजो’ किंवा ‘बुलबुल तरंग’ म्हणावे, आणि मिरवणुकीत वाजवायचा असेल तर पिकअप (तारांचा आवाज भोंग्यापर्यंत नेणारे विद्युत उपकरण) बसवलेला मागावा. ऑनलाइन मागवताना छायाचित्रात बटणांची रांग दिसते का, ते पाहावे. सुपारी देतानाही हाच नेमकेपणा हवा: नाशिक ढोलाच्या पथकात तारांचे वाद्य नसते, तेव्हा मंडळाला गाण्यांच्या चाली हव्या असतील तर बँजो पार्टीच ठरवावी लागते.