पायरियासाठी डीप क्लीनिंगसोबत लाइट थेरपी: पैसे भरायच्या आधी आणि नंतर काय करायचं

ब्रश करताना रक्त येतंय, तोंडाला वास मारतोय आणि डेंटिस्ट म्हणाले डीप क्लीनिंग करू, सोबत लाइट थेरपीपण घ्या, तर आधी एकच विचारा, पॉकेट किती मिलीमीटर आहे? पॉकेट म्हणजे दात आणि हिरडीच्या मधली फट, तिच्यात खुणा केलेली बारीक सळई घालून मोजतात, एकेका दाताला सहा ठिकाणी. १ ते ३ आलं तर ठीक, ४ किंवा जास्त आणि वर रक्तही आलं तर उपचार करावे लागणार. आकडे लिहून घ्याच, पुढे फरक पडला का ते त्यावरूनच कळतं.

क्लीनिंग भूल देऊन करतात, हिरडीखालचं घट्ट बसलेलं किटण मशीनने आणि हाताच्या हत्यारांनी काढतात. यानेच दात हलायला लागतात असं आमच्याकडे सगळ्या मावश्या म्हणतात, पण खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाने दात नुसते धरून ठेवलेले असतात.

लाइट त्यानंतर. पॉकेटमध्ये मिथिलीन ब्लूसारखा निळा रंग सोडतात, थोडं थांबून जास्तीचा धुतात, मग बारीक टोकातून लाल लेझर, साधारण ६६० नॅनोमीटरचा. रंग जंतूंना चिकटलेला असतो, उजेड पडला की ऑक्सिजनचं एक भयंकर चिडकं रूप तयार होतं, ते जंतू फोडतं आणि क्षणात विझतं, म्हणून फार लांब पोचत नाही. डोळ्याला चष्मा मागा. किटण तसंच ठेवून नुसती लाइट मारणं म्हणजे केर न काढता फरशी पुसणं, तसं कोणी म्हणालं तर सरळ उठा.

आणि खरं सांगायचं तर ही लाइट घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, युरोपातल्या पेरिओडोन्टोलॉजी (हिरड्यांच्या आजारांच्या) फेडरेशनच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये तर क्लीनिंगसोबत ती वापरू नका असंच सुचवलंय. बजेट ताणून घेऊ नका, त्यापेक्षा क्लीनिंग नीट वेळ देऊन करणारा डॉक्टर शोधा.

घ्यायचीच असेल तर प्रेग्नन्सी, पोर्फिरिया (यात उजेडाचा त्रास होऊ शकतो), रंगाची अ‍ॅलर्जी, जी-सिक्स-पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता, डिप्रेशनच्या गोळ्या, सगळं आधी सांगा. शुगर असेल तर एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट न्या, आणि मिश्री-तंबाखू चालू असेल तर ते लपवू नका, हिरडी भरायला सगळ्यात जास्त अडथळा त्याचाच.

नंतर काही दिवस थंड पाणी झणझणतं. सूज उतरली की हिरडी आकसते, दात लांब दिसतात, दोन दातांमध्ये फटी पडतात, घाबरू नका, त्या फटीत मावेल तो इंटरडेंटल ब्रश रोज रात्री फिरवा. तीन महिन्यांनी परत मोजायला लावा आणि जुना कागद सोबत न्या. कुठे अजून ६ मिलीमीटर किंवा जास्त येत असेल तर परत लाइटचं पॅकेज नको, फ्लॅप सर्जरीचं, म्हणजे हिरडी उघडून आतून साफ करायच्या ऑपरेशनचं, विचारा.